गृहपाठ कुणाचा? मुलाचा की आईबापाचा?

आमच्या विहारात रविवारची वंदना आटोपली की माता-भगिनी आम्हाला घेरतात. आम्ही कचेरीत कारकून, त्यामुळे जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा फॉर्म, रेशनकार्डावर नाव चढवणे ही कामे आमच्याकडे येणार हे ठरलेलेच. परंतु गेल्या काही वर्षांत एक प्रश्न या सगळ्या कामांच्या वर जाऊन बसला आहे. “भाऊ, पोराचा गृहपाठ आमच्याकडून होत नाही, काय करावं?”

या प्रश्नातले शब्द नीट पाहावेत. पोराकडून होत नाही, असे ती माउली म्हणत नाही. आमच्याकडून होत नाही, असे म्हणते. गृहपाठ आपल्यालाच दिलेला आहे आणि तो न जमल्यामुळे आपणच नापास झालो, अशी तिची समजूत झालेली आहे. काही घरांत या समजुतीपायी भांडणे होतात, मुले मार खातात आणि कर्ज काढून क्लासची फी भरली जाते. म्हणून या विषयावर चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते.

दोन प्रकारची घरे

वस्तीत फिरताना आम्हाला दोन प्रकारची घरे दिसतात. पहिल्या घरात आईबाप मुलाच्या उरावर बसून अभ्यास घेतात. आई भाकऱ्या थापता थापता ओरडत असते. बाप दुसरी पाळी करून दमून आलेला असतो, तो वही उघडतो आणि पहिली चूक दिसताच पाठीत धपाटा घालतो. शाळेने ‘प्रकल्प’ दिला असेल तर तो आई करते. शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात प्राण्यांचे, वाहनांचे, थोर पुरुषांचे तयार तक्ते मिळतात. ते आणायचे, कापायचे, चिकटवायचे आणि खाली सुवाच्य अक्षरात नावे घालायची. मूल शेजारी झोपून गेलेले असते. सकाळी त्या प्रकल्पावर बाई ‘छान’ असा शेरा देतात. तो शेरा कुणाला मिळाला, हे बाईंना ठाऊक असते आणि आईलाही.

दुसऱ्या घरात वहीकडे कोणी बघतच नाही. “आम्हाला काय कळतंय त्यातलं? क्लासला घातलंय ना!” घरकाम करणाऱ्या भगिनी क्लासच्या फीसाठी आणखी एक घर धरतात. त्या क्लासमध्ये आम्ही एकदा मुद्दाम डोकावून आलो. दहा बाय बाराची खोली, पंचवीस-तीस मुले, निरनिराळ्या इयत्तांची. शिकवणारा पोरगा फळ्यावर उत्तरे लिहून देतो आणि मुले उतरवून घेतात. वही भरते. घरी येऊन त्याच मुलाला विचारावे, बाबा रे, हे उत्तर कसे आले? तो म्हणतो, “सरांनी दिलंय.”

वरवर पाहता ही दोन घरे एकमेकांच्या उलट आहेत. पण दोन्ही ठिकाणी मुलाचा गृहपाठ मूल करीत नाही, हे एक साम्य आहेच.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि हिशेब हे आमचे रोजचे काम. म्हणून आम्हाला हे हिशेबाच्या भाषेत सांगणे सोपे जाते. कॅशबुकात शिल्लक जुळलेली दिसते, परंतु पेटी उघडली तर रोकड नाही. अशा खातेवहीचा उपयोग काय? गृहपाठाची वही ही मुलाची खातेवही आहे. त्याला काय आले आणि काय आले नाही, हे तिच्यातून शिक्षकाला कळावे एवढाच तिचा हेतू. चुकलेले गणित ही शिक्षकाला मिळालेली माहिती असते. आईने ते खोडून बरोबर करून दिले की ती माहिती पुसली गेली. वर्गात साठ टक्के मुलांना भागाकार आला नसेल आणि साठही वह्या बरोबर आल्या, तर शिक्षक पुढचा धडा सुरू करणार. त्यांना दोष कसा द्यावा?

आमचे मत असे की अभ्यासाची वेळ, अभ्यासाची जागा आणि विचारपूस ही आईबापांची जबाबदारी. पेन मुलाच्या हातातच राहिला पाहिजे.

सुभेदारांचे जागरण

या बाबतीत आपल्याला दूर जाण्याचे कारण नाही. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांनी आपल्या भीमाचा अभ्यास कसा घेतला, हे बाबासाहेबांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. आपण जयंतीच्या भाषणांत ते ऐकतो, टाळ्या वाजवतो आणि घरी येऊन पोराच्या पाठीत धपाटा घालतो.

साताऱ्याला असताना भीमरावांचे अभ्यासात विशेष लक्ष नव्हते. बागकाम, शेळ्या राखणे यांत त्यांचे मन रमे. मुंबईला पळून जावे आणि गिरणीत काम धरावे, असाही विचार त्यांच्या मनात आला होता. भाड्यासाठी त्यांनी आत्याच्या कमरेची पिशवी लांबवली, तर आत निघाला अर्धा आणा. त्या अर्ध्या आण्यानंतर त्यांनी मनाशी ठरवले की आता अभ्यास करायचा आणि लवकर स्वतःच्या पायावर उभे राहायचे. हा निश्चय मुलाने स्वतः केलेला होता. बापाने मारून करविलेला नव्हता. आईबापांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुढे कुटुंब मुंबईत परळच्या डबक चाळीत आले. खोली एकच. तिथेच स्वयंपाक, तिथेच बसणे-उठणे, तिथेच अभ्यास आणि तिथेच झोप. सुभेदारांनी यावर एक तोड काढली. भीमाने लवकर झोपायचे आणि सुभेदारांनी जागे राहायचे. रात्रीचे दोन वाजले की ते मुलाला उठवीत आणि मग स्वतः झोपत. चाळ निजलेली, गिरणगाव त्यातल्या त्यात शांत, अशा वेळी दिव्याच्या उजेडात अभ्यास चाले. एका खोलीत जागा वाढवता येत नव्हती, म्हणून त्यांनी वेळ वाटून घेतली.

पुस्तकांचेही तसेच. पेन्शन तुटपुंजी. भीमाला पुस्तक हवे असले की सुभेदार लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन उसने पैसे मागत. मुलीकडे पैसे नसले तर तिचा दागिना घेत, गहाण ठेवीत आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत नेऊन देत. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव मॅट्रिक झाले, त्यात बहिणींच्या दागिन्यांचाही वाटा आहे.

यावर आम्हाला वस्तीत हटकून एक उत्तर मिळते. “सुभेदार शिकलेले होते, पलटणीच्या शाळेत मास्तर होते. आम्ही अंगठेबहाद्दर, आमची काय बरोबरी?” सुभेदार शिक्षक होते हे खरे. त्यांनी मुलाकडून इंग्रजीचा, भाषांतराचा पाया पक्का करून घेतला, हेही खरे. परंतु वर सांगितलेल्या गोष्टी पुन्हा वाचून पाहाव्यात. दोन वाजेपर्यंत जागायला इंग्रजी यावे लागत नाही. मुलाला उठवायला भाषांतर यावे लागत नाही. मुलीच्या दारात जाऊन हात पसरायला तर्खडकर पाठ असावे लागत नाहीत. जे शिकलेल्या बापालाच जमावे असे थोडे होते. बाकीचे कोणत्याही बापाला आणि आईला जमण्यासारखे आहे.

अडीच किलो कांदे

आमच्या ओळखीच्या एक भगिनी स्टेशनबाहेर कांदे-बटाटे विकतात. शाळेचे तोंड पाहिलेले नाही. मुलगा सहावीत. मुलाच्या वहीत दशांश अपूर्णांकांचा गुणाकार होता, २८ गुणिले २.५. पोरगा डोके खाजवत बसला होता. आम्ही त्याच्या आईला विचारले, “ताई, अठ्ठावीस रुपये किलोनं अडीच किलो कांदे, किती झाले?” त्यांनी हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. म्हणाल्या, “सत्तर.” कसे, तर दोन किलोचे छप्पन्न आणि अर्ध्या किलोचे चौदा. मुलगा आईच्या तोंडाकडे बघतच राहिला. सहा वर्षे तो शाळेत जातो आहे आणि आपल्या आईला गणित येते हे त्याला त्या दिवशी कळले.

मग आम्ही मुलाला सांगितले, आता तुझ्या वहीतल्या रीतीने करून बघ, सत्तरच येतात का. त्याने मांडणी केली, दशांश चिन्ह एकदा चुकले, सातशे आले. आई म्हणाली, “सातशेचे कांदे कोण घेतंय रे!” पोरगा हसला आणि चिन्ह शोधू लागला. उत्तर आईने दिले नाही. उत्तर अशक्य आहे एवढे तिने ओळखले. गृहपाठात पालकाने याहून जास्त मदत करण्याची सहसा गरज नसते.

ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनी मुलाला मोठ्याने वाचायला सांगावे आणि ऐकावे. मूल अडखळते कुठे, गाळते कुठे, हे अक्षर न ओळखणाऱ्या कानालाही कळते. “आज शाळेत काय झालं ते मला शिकव,” असे रोज म्हणावे. मूल जे दुसऱ्याला समजावून सांगू शकते, ते त्याला समजलेले असते. सांगता सांगता गाडी अडली तर त्या जागी पेन्सिलीने खूण करून ठेवायला सांगावे आणि उद्या बाईंना विचार म्हणावे. याला पैसा लागत नाही. पंधरा-वीस मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ टीव्ही बंद ठेवावा लागतो. मालिका बुडते, हे कबूल.

एक गोष्ट मात्र आईबापांनी मुलापुढे कधी बोलू नये. “मलासुद्धा गणित कधी आलं नाही, आपल्या घराण्यातच नाही.” अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली पहिली-दुसरीच्या मुलांचा अभ्यास करून असे दाखवले की, ज्या आईबापांना गणिताची धास्ती असते ते जेव्हा वारंवार गणिताच्या गृहपाठाला बसतात, तेव्हा त्यांच्या मुलांची गणितातली प्रगती वर्षभरात मागे पडते आणि मुलांच्या मनातही धास्ती वाढते. हेच आईबाप कमी वेळा मदतीला बसले तर तसे होत नाही. धास्ती असलेल्याने शेजारी बसावे, चहा करून द्यावा, पण गणिताला हात लावू नये, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

साठ तीन आणि त्रेसष्ट

शिकलेल्या पालकांचा त्रास निराळा. आम्ही दहावी-बारावी झालेली पिढी. आम्ही पाढे, पावकी, निमकी असे काही पाठ केले असल्याचा आम्हाला मोठा अभिमान. मुलाच्या पुस्तकात निराळी रीत दिसली की लगेच म्हणणार, “हे काय शिकवतात? थांब, मी तुला खरी पद्धत दाखवतो.”

२०१९ सालचा वाद वाचकांना आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’ या वाचनाबरोबर ‘साठ तीन’ अशीही रीत दिली गेली. वर्तमानपत्रांतून थट्टा झाली, विधिमंडळापर्यंत वाद गेला. त्या रीतीमागचे कारण फार थोड्यांनी विचारले. आपण त्रेसष्ट म्हणतो तेव्हा तीन आधी बोलतो आणि साठ नंतर, लिहिताना मात्र सहा आधी आणि तीन नंतर. नवख्या मुलाचा गोंधळ होतो तो इथे. रीत आवडावी किंवा नावडावी, तो वेगळा प्रश्न. पण त्या महिन्यात घराघरांतून सात वर्षांच्या मुलासमोर बाप शाळेच्या पुस्तकाला हसत होता. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाने त्याच पुस्तकातून मन लावून शिकावे, ही अपेक्षा कशी करावी? शिक्षकाची रीत पटली नाही तर शाळेत जाऊन विचारावे. मुलाच्या डोक्यात दोन रीती कोंबून त्याची दोन दगडांवर पाय ठेवल्यासारखी अवस्था करू नये.

मुलीचा गृहपाठ भांड्यांनंतर

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे येतो. सायंकाळी सात वाजता वस्तीतल्या नळावर आणि मोरीत कोण दिसते, हे बघावे. सातवी-आठवीतल्या मुली. भांडी, पाणी, धाकट्या भावाला भरवणे, पीठ मळून ठेवणे. आई कामावरून आठला येते, तोपर्यंत घर तिच्यावर. तिचा भाऊ त्या वेळी क्लासमध्ये असतो, नाहीतर नाक्यावर. मुलगी वही उघडते ती साडेनऊ-दहाला, डोळे मिटत असताना. परीक्षेत तिला भावापेक्षा जास्त गुण मिळाले तर सगळे म्हणतात, “पोरगी हुशार हाय, तिला अभ्यासाची गरजच पडत नाही.” कमी मिळाले तर म्हणतात, “तिचं डोकं कमी, लग्नाचं बघा.”

एका बापाला आम्ही या बाबतीत छेडले. चळवळीतला माणूस, मोर्चाला सर्वांच्या पुढे. म्हणाला, “मुलीला शिकू नको असं मी कधी म्हणालो का?” नाही म्हणाला, हे खरे. पण त्याने तिला वेळ दिलेली नाही. मुलाला वेळ दिली, ती मुलीच्या वेळेतून काढून दिली. दोन मुलांच्या गृहपाठात पालकांनी किती लक्ष घालावे, असा प्रश्न विचारणाऱ्याने आधी त्या दोघांना सायंकाळचे दोन-दोन तास मिळतात का, ते मोजावे. भांडी भावाने घासली तर त्याचे गुण कमी होत नाहीत. आमच्या घरात वाटणी आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार मुलगा. मंगळवार, गुरुवार, शनिवार मुलगी. रविवारी आम्ही स्वतः. सुरुवातीला शेजारच्या खिडक्यांतून हसू येत असे. आता येत नाही.

भीमरावांच्या बहिणींचे दागिने वर आलेच आहेत. आजच्या बहिणी दागिना देत नाहीत, सायंकाळ देतात. आणि दागिना पेन्शन आल्यावर परत जात असे. सायंकाळ परत जात नाही.

शाळेला विचारण्याचा हक्क

किती गृहपाठ असावा, याला काही माप आहे की नाही? आहे. १९९३ साली प्रा. यशपाल यांच्या समितीने, प्राथमिक वर्गांतल्या मुलांना गृहपाठ देऊ नये, फार तर घराच्या आसपास काही पाहण्या-शोधण्यापुरता द्यावा, अशी शिफारस केली होती. केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात तर आकडेच आहेत. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवी, आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. सहावी ते आठवी, दिवसाला जास्तीत जास्त एक तास. नववीपासून पुढे, दिवसाला जास्तीत जास्त दोन तास. धोरण म्हणजे कायदा नव्हे, हे आम्हाला कळते. तरीपण पहिलीतल्या मुलाला चार पाने लेखन दिले जाते तेव्हा हा आकडा पालकाच्या खिशात असलेला बरा.

कायद्यातही आपल्या कामाच्या गोष्टी आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ प्रमाणे प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहून गरजेप्रमाणे त्याला जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, कुवत आणि प्रगती त्यांना सांगणे हेही त्याच कलमात आहे. कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. कलम १७ प्रमाणे मुलाला मारणे किंवा मानसिक छळ करणे शाळेला मना आहे, मग कारण गृहपाठाचे का असेना. आणि कलम २१ प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळा सोडून प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया हव्यात. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. तुमच्या वस्तीतले कुणाचे नाव त्या समितीत आहे, हे माहीत करून घ्यावे. पुष्कळदा नाव असते आणि सही घेण्यापुरतेच असते.

मोबाइलचाही एक शब्द. २०२० साली करोनाने शाळा बंद पडल्या तेव्हा गृहपाठ व्हॉट्सअॅपवर येऊ लागला. शाळा उघडल्या, तरी अनेक ठिकाणी ती सवय राहिली. रात्री नऊला संदेश येतो. घरात स्मार्टफोन एक, तो बापाबरोबर रात्रपाळीला गेलेला. सकाळी मूल ‘गृहपाठ केला नाही’ म्हणून उभे. अशा पालकांनी गप्प बसू नये. चार-पाच जणांनी मिळून मुख्याध्यापकांना एका पानाचा अर्ज द्यावा की गृहपाठ वर्गातच वहीत लिहून द्यावा. अर्जाची दुसरी प्रत काढून तिच्यावर पोच घ्यावी. ही कारकुनी सूचना किरकोळ वाटेल, पण पोच असलेल्या अर्जाला उत्तर मिळण्याची शक्यता जास्त असते, हा आमचा कचेरीतला अनुभव.

मुले मोठी झाल्यावर

आठवीनंतर विषय आईबापांच्या हाताबाहेर जातात, आणि तसे ते जावेतच. या वयात रोज वही तपासणारा बाप मुलाला शत्रू वाटतो. त्याने परीक्षेच्या तारखा ठाऊक ठेवाव्यात, मूल झोपते किती ते पाहावे आणि बाकी मुलावर सोडावे. पण सोडणे म्हणजे वाऱ्यावर सोडणे नव्हे. चर्नी रोडच्या बागेत पुस्तक वाचत बसणाऱ्या भीमरावांना कृष्णाजी अर्जुन केळुसकर भेटले, त्यांनी पुस्तके दिली, पुढे बुद्धचरित्रही दिले. सुभेदारांचे ज्ञान जिथे संपत होते तिथून पुढे केळुसकर गुरुजी होते. आपल्या मुलाला असे कुणी भेटेल अशी जागा करून देणे, हे दहावीच्या पालकाचे काम.

आमच्या विहारात सायंकाळी सात ते नऊ अभ्यासिका चालते. दोन ट्यूबलाइट, चार चटया, एक फळा. वस्तीतली महाविद्यालयात जाणारी मुले-मुली आळीपाळीने बसतात. नियम एकच, बसणाऱ्याने कुणाच्या वहीत लिहायचे नाही. पहिल्या महिन्यात नऊ मुले आली. फुकटचा क्लास समजून आलेल्या काही पालकांनी तक्रार केली की इथे उत्तरे देत नाहीत, आणि मुले काढून नेली. परीक्षा जवळ आली तशी तीस झाली, परीक्षा संपली तशी सात. मुलींना पाठवताना आया आधी कचरत होत्या. नऊ वाजता एक आजी काठी टेकत येऊन सगळ्या मुलींना घरोघर पोहोचवू लागल्या, तेव्हा मुलींची संख्या वाढली.

एप्रिल महिना मात्र कठीण जातो. वार्षिक परीक्षा आणि जयंती एकत्र येतात. आम्ही जयंतीच्या वर्गणीत कधी मागे राहिलो नाही, परंतु आठ दिवस आधीपासून विहाराच्या भिंतीला टेकून डीजेची चाचणी चालावी आणि आत मुलांनी कानात बोटे घालून इतिहास वाचावा, हे आम्हाला पटत नाही. यंदा मंडळाच्या पोरांशी दोन बैठका झाल्या. सात ते नऊ आवाज बंद, एवढे त्यांनी मान्य केले. एक दिवस सोडला तर पाळलेही.

कांदे-बटाटे विकणाऱ्या त्या भगिनी गेल्या सत्रात प्रथमच शाळेतल्या पालक-सभेला गेल्या. टोपली शेजारणीकडे ठेवून, अर्ध्या दिवसाचा धंदा बुडवून. मुलाची वही त्यांनी बाईंपुढे ठेवली. भागाकाराची दोन गणिते कोरी होती. त्या म्हणाल्या, “बाई, हे त्याला येत नाही. क्लासवाल्यानं लिहून देतो म्हटलं, मी म्हटलं नको. तसंच ठेव, बाईंना दाखवू.” बाईंनी आधी कपाळाला आठी घातली. मग वर्गातल्या बाकीच्या वह्या मागवल्या. चौदा वह्यांत ती दोन गणिते एकाच मांडणीने, एकाच जागी खाडाखोड करून उतरवलेली निघाली. बाईंनी त्यांतल्या पाच मुलांना फळ्यापाशी बोलावले. कुणालाच सोडवता आली नाहीत. सोमवारी त्यांनी भागाकाराचा धडा पहिल्यापासून पुन्हा घेतला.